वळचणीचं पाणी आढ्याकडे चढतं तेव्हा

*दादा, नमस्कार. बर्फ पडणाऱ्या भागात स्वतःचं घर घेतल्यापासून आमचा हा दुसरा हिवाळा. गेल्या वर्षी छपराच्या कडेला बर्फाचा जाड कठडा धरला आणि सासूबाईंच्या खोलीत, बाहेरच्या भिंतीलगत, छतावर पिवळट डाग उमटला. म्हणून यंदा थंडी पडायच्या आधी ह्यांनी माळ्यावर इन्सुलेशनचा (ऊब अडवणाऱ्या आवरणाचा) नवा थर स्वतः अंथरला, अगदी कडेपर्यंत दाबून बसवला. तरी कठडा दुप्पट झाला आणि आता थेंब पडताहेत. बाहेर उणे दहा आहे, पाऊस नाही, काही नाही, मग हे पाणी येतं कुठून? परवा ह्यांनी शिडीवर चढून हातोडीने बर्फ फोडला, त्यात दोन-तीन शिंगल (छपराची डांबरी कौलं) तुटले. आता म्हणतात, माळ्यावर हीटर लावू. शेजारी सांगतात पन्हळ काढून टाका, छपराचा ठेकेदार म्हणतो छप्परच बदला, कुणी मीठ टाका म्हणतं, कुणी तापणारी वायर लावा म्हणतं. छप्पर अवघं सहा वर्षांचं आहे. सासूबाईंना तूर्त हॉलमध्ये झोपवलंय. त्यांना खोलीत परत कधी नेऊ? मला काहीच सुचेनासं झालंय.*

ताई, नमस्कार.

सगळ्यात आधी एक गोष्ट, आणि ती यजमानांना आजच वाचून दाखवा. शिडी आत नेऊन ठेवा. बर्फ आहे तोवर घरातल्या कुणीही छपरावर किंवा छपराला टेकवलेल्या शिडीवर चढायचं नाही. शिडीचे पाय गोठलेल्या जमिनीवर, वरचं टोक निसरड्या पन्हळीवर, माणसाचा एक हात हातोडीत अडकलेला, आणि बर्फ सुटला की तो येणार नेमका शिडी उभी आहे तिथेच. समजा कठडा दहा मीटर लांब, तळाशी ३० सेंटिमीटर रुंद आणि २० सेंटिमीटर उंच आहे, वरून निमुळता. हिशेब केला तर तो पावणेतीनशे किलोच्या घरात जातो. माझ्याबरोबर वर्षानुवर्षं छपरांची कामं केलेला, कधी घाई न करणारा एक सहकारी एका हिवाळ्यात असाच शिडीसकट खाली आला. टाच मोडली, आणि पुढचा हिवाळा आला तरी तो लंगडत होता. घराचं जे बिघडेल ते दुरुस्त करता येतं. म्हणून हे आधी लिहिलं.

शिवाय थंडीत डांबरी शिंगल ठिसूळ होतात. हातोडी बर्फावर पडली असं आपल्याला वाटतं, पण धक्का खालपर्यंत पोचतो. तुटले ते तुम्हाला दिसले. ज्यांना नुसती चीर गेली असेल ते बर्फ उतरल्यावर कळतील.

आज रात्रीचं काम घराच्या आतलं आहे. थेंब पडतात तिथे बादली ठेवा, तिच्यात एक फडकं टाका म्हणजे शिंतोडे उडणार नाहीत. पलंग, गादी, कपाट भिंतीपासून दूर ओढा. त्या छतात दिवा असेल किंवा पाणी भिंतीतून उतरत असेल, तर त्या खोलीचा ब्रेकर बंद करा. छताला फुगवटा आलाय का ते नीट बघा. आला असेल तर आत पाणी साठलंय, आणि वजन पेलेनासं झालं की तो भाग एकदम खाली येईल, आजूबाजूचं छत घेऊन. त्यापेक्षा खाली बादली धरा, फुगवट्याच्या मधोमध स्क्रूड्रायव्हरने एक लहान भोक पाडा आणि पाणी हळूहळू उतरू द्या. आपल्याच हाताने आपल्या छताला भोक पाडायला मन धजत नाही, पण एवढंसं भोक बुजवणं फार सोपं आहे. डाग, थेंब, बाहेरचा कठडा, सगळ्याचे तारखेसह फोटो काढून ठेवा. विमा असेल तर कंपनीला लगेच कळवा. काय भरून मिळतं ते पॉलिसीवर ठरतं, पण उशिरा कळवून कुणाचं भलं झालेलं मी पाहिलेलं नाही.

आणखी एक तात्पुरता उपाय. माळ्यावर सुरक्षित जाता येत असेल आणि तिथली हवा शून्याखाली असेल, तर एक साधा पंखा नेऊन, जिथून पाणी आत येतंय त्या फळ्यांवर वारा सोडा. पाणी जागच्या जागी गोठतं आणि गळती थांबते. हा काही इलाज नाही, पण निदान रात्र काढता येते.

आता बाहेर. जमिनीवर उभं राहूनच करायचं काम आहे. लांब अ‍ॅल्युमिनियमच्या दांड्याला आडवं सपाट पातं लावलेलं रूफ रेक नावाचं अवजार मिळतं. पातं बर्फात टेकवायचं आणि उताराच्या दिशेने सरळ खाली ओढायचं. आडवं ओढलं तर शिंगलच्या कडा उचकटतात. तळाचा दोन-तीन बोटं जाडीचा थर तसाच राहू द्या, खरवडायला जाऊ नका. कडेपासून निदान एक ते सव्वा मीटर बर्फ काढा, हात पोचेल तेवढा जास्त चांगला. अगदी अरुंद पट्टा मोकळा केला तर उरलेल्या बर्फाच्या काठाशी, थोडा वर, दुसरा बांध धरतो. दांडा धातूचा असतो, तेव्हा विजेच्या तारा कुठून जातात ते आधी बघा, आणि ओढलेला बर्फ अंगावर येणार नाही अशा बेताने बाजूला उभे राहा. याने आहे तो कठडा जाणार नाही. पण वितळायला वर बर्फच उरला नाही तर त्याला नवं पाणी मिळणार नाही. पुढच्या बर्फवृष्टीनंतर लगेच हे करा. बर्फ दबून कडक झाला की रेक चालत नाही.

मिठाचं विचारलंत. साधं मीठ छपरावर टाकू नका. ते पन्हळीचा पत्रा आणि खिळे खातं, भिंतीवर ओघळ उठतात, खालची झाडं जळतात, आणि थंडी कडक झाली की त्याचा जोरही संपतो. कॅल्शियम क्लोराइड जास्त थंडीत काम करतं आणि त्यातल्या त्यात कमी नुकसान करतं; अजिबात करत नाही असं नव्हे. तेही वर भुरभुरायचं नाही. जुन्या लांब पायमोज्यात भरून, गाठ मारून, तो मोजा कठड्यावर आडवा नव्हे, तर उताराच्या दिशेने उभा ठेवायचा, टोक पन्हळीच्या बाहेर येईल असा. काही तासांनी त्याखाली चर पडतो आणि मागे तुंबलेल्या पाण्याला वाट मिळते. तेवढंच हवं असतं. सगळा बर्फ काढायचा नसतो. मात्र खालच्या मजल्याचं छप्पर असेल आणि वरच्या खिडकीतून किंवा रेकच्या दांड्याने मोजा पोचवता येत असेल, तरच हे करा.

नाही जमलं तर जाणकार माणसं बोलवा. फोनवर एकच प्रश्न विचारा: बर्फ कशाने काढता? कमी दाबाच्या वाफेने काढत असतील तर या म्हणावं. कुऱ्हाड, छिन्नी, गॅसची ज्योत किंवा प्रेशर वॉशर यातलं काहीही ऐकलं तर नम्रपणे नको म्हणा. प्रेशर वॉशर शिंगलवरची खडीच धुऊन काढतो आणि ज्योतीने छपरं पेटतात.

आता तुमचा खरा प्रश्न. उणे दहात पाणी आलं कुठून?

बर्फ आभाळातून आला, ताई, पण त्याचं पाणी केलं तुमच्याच घरातल्या उबेने. ताज्या भुसभुशीत बर्फात नव्वद टक्क्यांच्या आसपास हवाच असते, त्यामुळे तो छपरावर गोधडीसारखा बसतो. वरून थंडी लागते, पण गोधडीच्या खाली छप्पर गार होत नाही. माळ्यातली हवा पाच अंशांवर असेल आणि छपरावर पाव मीटर ताजा बर्फ असेल, तर बाहेर उणे दहा असतानाही त्या थराच्या तळाशी तापमान शून्याच्या वर राहू शकतं. तिथला बर्फ तळातून वितळतो. पाणी बर्फाच्या आडोशाने, कुणाला न दिसता, उताराने खाली येतं. घराची बाहेरची भिंत ओलांडली की खालची ऊब संपते. भिंतीच्या पुढे आलेली वळचण वरून आणि खालून दोन्हीकडून गार असते. तिथे ते गोठतं. त्यावर दुसरा थर, तिसरा थर, आणि चार-सहा दिवसांत बांध तयार होतो. पन्हळीला लोंबणाऱ्या गोठलेल्या पागोळ्या त्याच पाण्याच्या. एखाद-दुसरी बारीक पागोळी कुठल्याही घराला लटकते, पण मनगटाएवढ्या जाड पागोळ्यांची रांग दिसली तर वर बांध आहे असं धरून चाला.

आढ्याचं पाणी वळचणीला जाणार, असं आपण म्हणतो. उतरत्या छपराची सगळी रचना याच भरवशावर केलेली असते. शिंगल एकावर एक, माशाच्या खवल्यांसारखे लावतात. वरून येणारं पाणी ते खाली सोडून देतात. साठलेलं पाणी अडवण्यासाठी ते नसतातच. बांध धरला की त्याच्यामागे तळं साचतं, पाणी पातळी धरून वर सरकतं आणि शिंगलच्या खालून आत शिरतं. वळचणीचं पाणी आढ्याकडे निघालं तर कुठलंही छप्पर गळेल, मग ते सहा वर्षांचं असो की सहा दिवसांचं. तुमचं छप्पर खराब नाही. बाहेरच्या भिंतीलगत डाग पडला, पाऊस नसताना गळलं, आणि कडेला कठडा आहे, या तिन्ही गोष्टी एकाच कारणाकडे बोट दाखवतात. ठेकेदाराने नवं छप्पर घातलं तरी पुढच्या हिवाळ्यात हाच डाग इथेच उमटेल, कारण ऊब तशीच वर जात राहील.

मग इन्सुलेशन घातल्यावर बांध वाढला कसा? यजमानांनी मेहनत केली, आणि कामाची दिशा चुकलेली नव्हती. मात्र दोन गोष्टी राहून गेल्या असाव्यात.

पहिली म्हणजे भोकं. गरम हवा वर जाते. हिवाळ्यात अख्खं घर धुराड्यासारखं चालतं: खालच्या फटींतून थंड हवा आत येते आणि छतातल्या भोकांतून गरम हवा माळ्यात निघून जाते. दिव्यांच्या भोवतीची जागा, वायरी आणि नळ वर जातात ती भोकं, आतल्या भिंतींच्या माथ्यावरच्या फटी, चिमणीच्या भोवतीची पोकळी, माळ्याचं झाकण. या भोकांवर इन्सुलेशन टाकलं तर हवा त्यातून आरपार जाते. चाळणीवर कापूस अंथरून वारा अडत नाही, तसंच.

दुसरी म्हणजे "कडेपर्यंत दाबून बसवला". हे वाक्य पत्रात वाचलं आणि मी तिथेच थांबलो. वळचणीच्या खालच्या फळीत झरोके असतात. तिथून थंड हवा आत येते, छपराच्या पोटालगत वर सरकते आणि आढ्याजवळच्या झरोक्यातून बाहेर पडते. घरातून थोडीफार ऊब वर आलीच तर ती या हवेबरोबर निघून जाते आणि छप्पर गार राहतं. कडेचा झरोका बुजला की हा प्रवाह थांबतो. तुमच्याकडे बहुधा हेच झालंय: खालून गरम हवा येतेच आहे आणि तिची बाहेर जायची वाट तेवढी बंद झाली.

खात्री करून घ्यायची तर कडाक्याची थंडी असलेल्या सकाळी माळ्यावर जा. मास्क, हातमोजे, लांब बाह्यांचा सदरा, डोक्याला दिवा. पाय फक्त तुळयांवर. मधे पाय पडला तर छत फोडून खालच्या खोलीत जाल. गुडघे टेकायला एक फळी बरोबर घ्या. आधी वर बघा. छपरातून आत आलेल्या खिळ्यांच्या टोकांवर पांढरं दव गोठलेलं दिसलं तर घरातली दमट हवा इथे पोचतेय. मग नवा थर हलकेच उचलून खालचा जुना थर पाहा. पिवळ्या किंवा गुलाबी फायबरग्लासवर काही ठिकाणी काळपट, धुरकट डाग दिसतील. बहुतेक वेळा ती बुरशी नसते. वर्षानुवर्षं तिथून हवा जात राहिली, तिच्यातली धूळ त्या तंतूंत गाळली गेली. प्रत्येक काळ्या डागाच्या खाली एक भोक असतं. मी नव्या घराची पाहणी करतो तेव्हा महागडी उपकरणं काढण्याआधी हे डाग शोधतो. पायाखालचा थर उचलला की बोटांना खालून येणारी कोमट झुळूक लागते आणि कधीकधी घरातल्या साबणाचा वासही येतो. एकदा तो वास आला की दुसरा पुरावा लागत नाही.

एक अपवाद मात्र पाळा. जुन्या थरात चमकदार, करड्या-तपकिरी, खड्यांसारखे हलके कण दिसले तर ते व्हर्मिक्युलाइट असू शकतं आणि त्यात अ‍ॅस्बेस्टॉस सापडतं. त्याला हात न लावता परत या आणि आधी तपासणी करून घ्या.

भोकं बुजवायचं काम या हिवाळ्यातही करता येतं, उलट थंडीत ती सापडतात चांगली. बारीक फटीला सीलंट, बोटभर फटीला फवारायचा फोम, मोठ्या पोकळीला कडक फोमचा किंवा पत्र्याचा तुकडा कापून कडा सील करायच्या. चिमणी आणि गरम धुराच्या नळीजवळ फोम अजिबात नाही. तिथे पत्रा आणि उच्च तापमान सोसणारं सीलंटच. छतात बसवलेले जुने दिवे इन्सुलेशनचा स्पर्श सोसणारे आहेत का ते बघितल्याशिवाय झाकू नका, तापून आग लागते. शंका असेल तर इलेक्ट्रिशियनकडून बंद बनावटीचे नवे बसवून घ्या. आणि माळ्याचं झाकण! लोक माळाभर अर्धा मीटर थर घालतात आणि मधोमध ते पातळ प्लायचं झाकण उघडंच ठेवतात. त्याच्या पाठीवर जाड फोम चिकटवा, कडेने रबराची पट्टी लावा, आणि ते घट्ट दाबून बसेल अशी कडी बसवा.

बाथरूमचा पंखा हवा कुठे सोडतो हे पत्रात नाही, म्हणून मुद्दाम विचारतो. त्याची नळी माळ्यातच उघडी पडलेली मला इतक्या घरांत सापडली आहे की मी आता तिथूनच सुरुवात करतो. आंघोळीची वाफ आणि ऊब थेट छपराच्या पोटाला. ही नळी छपरातून किंवा भिंतीतून बाहेर काढा, तिलाही इन्सुलेशन गुंडाळा, आणि वळचणीच्या झरोक्याशेजारी सोडू नका, नाहीतर तीच वाफ परत आत ओढली जाते. गरम हवेच्या नळ्या माळ्यातून जात असतील तर त्यांचे सांधेही याच वेळी सील करा.

घर असं बंद झाल्यावर एक तपासणी राहते. गॅसवर चालणारा हीटर किंवा गीझर आत असेल तर त्याचा धूर पूर्वीसारखाच बाहेर जातोय ना, हे तंत्रज्ञाकडून बघून घ्या, आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म चालू ठेवा. यात हयगय नको.

नंतर वळचणीकडे वळा. कडेचं दाबलेलं इन्सुलेशन मागे ओढा, प्रत्येक दोन वाशांच्या मधे छपराच्या पोटाला चिकटून हवेची पन्हळ बसवा, म्हणजे फोमचा किंवा पुठ्ठ्याचा तयार साचा, आणि मग त्याच्या खालून थर पुन्हा कडेपर्यंत आणा. हवेला निदान अडीच सेंटिमीटर वाट हवी, पाच असेल तर उत्तम. झरोक्यांचं एकूण उघडं क्षेत्र माळ्याच्या क्षेत्राच्या १/१५० असावं. वरचे आणि खालचे झरोके समतोल असतील आणि छताला बाष्परोधक थर असेल तर १/३०० चालतं. ९० चौरस मीटरच्या माळ्याला ते ०.३ चौरस मीटर होतं, निम्मं वळचणीत, निम्मं आढ्याजवळ. थराची जाडी सगळ्यात शेवटी मोजा. थंड प्रदेशांत माळ्यासाठी आर-४९ ते आर-६० सुचवतात (आर म्हणजे ऊब अडवण्याच्या क्षमतेचं माप). म्हणजे सेल्युलोज (कागदाचे तंतू) ३५ ते ४५ सेंटिमीटर, फुंकून भरलेलं फायबरग्लास साधारण ५० ते ६०. आधी भोकं, मग हवेची वाट, मग जाडी. हा क्रम उलटा केला की पैसे जातात आणि बांध राहतो.

काम जमलं की नाही हे दोन साध्या थर्मामीटरांवर कळतं. एक माळ्यात, एक बाहेर सावलीत ठेवा. अमेरिकी सैन्याच्या शीतप्रदेश संशोधन प्रयोगशाळेतल्या अभियंत्यांनी १९९०च्या दशकात खऱ्या इमारतींवर मोजमापं घेतली. बाहेर उणे साडेपाच अंशांहून कमी आणि माळ्यात उणे एकहून जास्त असलं की बर्फ धरतो, असं त्यांना दिसलं. म्हणजे बाहेर उणे साडेपाच असताना माळा उणे एकच्या खाली राहिला तर तुमचं काम झालं. माळा थंडच असायला हवा, ताई. ऊब त्याच्या खाली, तुमच्या खोल्यांत हवी.

म्हणूनच माळ्यावर हीटर लावायची कल्पना यजमानांनी सोडून द्यावी. त्यांचा विचार मला कळतो: बर्फ धरतो थंडीने, तर ऊब देऊ. पण वळचण माळ्याच्या बाहेर असते. हीटरने वरचा बर्फ आणखी जोरात वितळेल आणि ते सगळं पाणी त्याच गार कडेवर येऊन गोठेल. हिवाळ्यात झरोके बंद करण्याचा सल्ला कुणी दिला तर तोही याच कारणासाठी नाकारा.

पन्हळ काढून काही होणार नाही. पन्हळ नसलेल्या घरांनाही बांध धरतो. बर्फाच्या वजनाने ती वाकते, सुटते, ते नुकसान खरं आहे, पण बांधाचं मूळ तिच्यात नाही.

तापणारी वायर मी सरसकट नाकारत नाही. दोन उतार जिथे मिळतात ती खोबण, किंवा जिथे छताला माळाच नाही आणि आत शिरायला वाव नाही, अशा जागी नागमोडी लावलेली वायर पाण्याला वाट ठेवते. ती वीज खाते, दर काही वर्षांनी बदलावी लागते आणि अर्थ-लीकेज संरक्षण असलेल्या (वीज गळली की आपोआप तुटणाऱ्या) सर्किटवरच लावायची असते. तुमच्या सरळ वळचणीला ती लावायच्या आधी माळ्याचं काम करा. मला वाटतं मग तिची गरज उरणार नाही.

छपराचं म्हणाल तर बर्फ उतरल्यावर तुटलेले शिंगल बदलून घ्या आणि चिरांसाठी बाकीचे तपासून घ्या, बस्स. पुढे कधी खरंच छप्पर बदलाल तेव्हा शिंगलखाली वळचणीपासून चिकट डांबरी पडदा घालून मागा. तो खिळ्यांभोवती घट्ट धरतो आणि तुंबलेलं पाणी आत येऊ देत नाही. अमेरिकेतल्या निवासी बांधकाम संहितेत, बांधाचा इतिहास असलेल्या भागांत, तो बाहेरच्या भिंतीच्या रेषेपासून आत निदान ६१ सेंटिमीटर जायला हवा असं म्हटलंय. तो बांध थांबवत नाही, पण बांध धरला तरी घर कोरडं ठेवतो.

राहता राहिल्या सासूबाई. थेंब थांबले म्हणून खोली कोरडी झाली असं समजू नका. त्या जागेच्या वरचं ओलं इन्सुलेशन काढून टाका. ते लवकर वाळत नाही, आणि वरून ओल पुरवत राहतं. ओल एक-दोन दिवसांपेक्षा जास्त राहिली की बुरशी धरते, तेव्हा पंखा आणि ओल ओढणारं यंत्र आजपासूनच चालू ठेवा. छत बोटाने दाबून पाहा. मऊ लागलं, खचलं, तर तेवढा तुकडा कापून नवा बसवावा लागेल. भिंतीच्या तळाची पट्टी थोडी सोडवून मागे हात घाला, पाणी आतून उतरलेलं असेल तर तिथे कळतं. डागावर आत्ताच रंग लावू नका, ओल आत कोंडेल. ओलावा मोजायचं छोटं यंत्र मिळतं. ते या छताला आणि शेजारच्या कोरड्या खोलीच्या छताला लावून पाहा, तीन-चार दिवस रोज. दोन्ही आकडे सारखे येऊ लागले आणि सकाळी खोली उघडल्यावर कुबट वास नसला, की डाग रोखणारा प्रायमर मारा, तो वाळू द्या आणि सासूबाईंचा पलंग परत लावा. हा हिवाळा सरेपर्यंत फक्त उशी आतल्या भिंतीकडे ठेवा.